वाड्यातील जुने ग्रंथ, दप्तरे आणि दुर्मीळ वस्तू: आधी नोंद, मग झाडलोट

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार आणि त्यांच्या आसपासच्या जुन्या वाड्यांतून अजूनही फडताळे भरून पोथ्या, मोडीची दप्तरे, छापील ग्रंथ, छायाचित्रे, गंजिफांचे डबे, अत्तरदाण्या आणि पगड्या निघतात. घरातली मंडळी दिवाणखाना आणि शेजारची एखादी खोली लोकांना पाहण्यासाठी खुली करायचे ठरवतात, आणि कामाची सुरुवात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकाच चुकीने होते. पहिल्याच रविवारी सगळे सामान चौकात काढून झटकले जाते, ओल्या फडक्याने पुसले जाते, उन्हात वाळवले जाते आणि आकारानुसार लावून ठेवले जाते. संध्याकाळी खोली स्वच्छ दिसते, पण कोणता कागद कोणत्या रुमालात होता, कोणते पत्र कोणत्या ग्रंथात खुणेसाठी ठेवलेले होते आणि कोणती किल्ली कोणत्या पेटीची होती, हे कायमचे गेलेले असते. फाटलेले पान पुढे कधीतरी सांधता येते. मोडलेला क्रम मात्र कोणालाही परत लावता येत नाही.

म्हणून या लेखात सर्वाधिक भर कामाच्या क्रमावर आहे. पाहणी, छायाचित्र, क्रमांक, नोंद, विलगीकरण, कोरडी सफाई, बासन (म्हणजे कापडात गुंडाळून बांधणे), जागा आणि सर्वांत शेवटी मांडणी, असा तो क्रम आहे. यातील कोणतीही पायरी पुढेमागे केली, तर नुकसान नेमके तिथेच होते असा माझा अनुभव आहे.

## पूर्वतयारी

ऋतू निवडा. बहुतेक घरांत हे काम दिवाळीच्या साफसफाईबरोबर काढले जाते. त्या वेळी पावसाळ्याची ओल भिंतींतून आणि कागदांतून पूर्ण गेलेली नसते, घरात माणसांची वर्दळ असते आणि काम दोन दिवसांत उरकण्याची घाई असते. बडोद्यात या कामासाठी मार्गशीर्ष ते माघ हा काळ चांगला, कारण हवा कोरडी असते आणि उन्हाळ्याची धूळही सुरू झालेली नसते. पावसाळ्यात दप्तरे उघडूच नयेत; त्या महिन्यांत फक्त नियमित पाहणी करावी.

जागा आणि माणसे. भिंतींना ओल नसलेली, वरच्या मजल्यावरची एक खोली कामासाठी मोकळी करावी. दोन मोठी टेबले, त्यांवर धुतलेले पांढरे सुती कापड, आणि पंख्याचा थेट झोत लागणार नाही अशी बसण्याची जागा एवढे पुरते. एका वेळी तीन माणसे असावीत: एक वस्तू हाताळणारा, एक लिहिणारा आणि एक छायाचित्रे काढणारा. चौथा माणूस आला की गप्पा सुरू होतात आणि क्रमांक चुकतात. खोलीत चहा, पाणी, उदबत्ती आणि पान यांना पूर्ण मज्जाव असावा.

साहित्य. मऊ शिसपेन्सिली, मऊ केसांचे दोन-तीन रुंद कुंचले, सेंटिमीटरची कापडी टेप, दोऱ्याने शिवलेली जाड पक्क्या बांधणीची नोंदवही, न पुसणारी काळी शाई, आम्लमुक्त कागद आणि पुठ्ठा, रुंद सुती पट्टी, कोरे मांजरपाट, टिपकागद, झिप असलेल्या पॉलिथिनच्या मोठ्या पिशव्या, नायट्रिलचे हातमोजे, धूळ आणि बुरशी अडवणारे मास्क, आणि खोलीतली आर्द्रता दाखवणारे एक साधे यंत्र. मांजरपाट वापरण्याआधी दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढावी, कारण कापडावरची खळ कसरीला, म्हणजे कागद खरवडून खाणाऱ्या किड्याला, आमंत्रण देते.

सावधान: रबर बँड, टाचण्या, स्टेपलर, चिकटपट्टी, बॉलपेन आणि सुतारकामाचा पांढरा गोंद कामाच्या खोलीत आणूच नका. हाताशी असलेली वस्तू घाईच्या क्षणी वापरली जातेच.

## १. काहीही न हलवता पाहणी

पहिला दिवस केवळ पाहण्याचा आहे. प्रत्येक खोली, फडताळ, कोनाडा, पेटी आणि माळा यांना अक्षर द्यावे आणि वाड्याचा साधा आराखडा काढून त्यावर ती अक्षरे लिहावीत. मग प्रत्येक फडताळाचे दारे बंद असताना, दारे उघडल्यावर आणि प्रत्येक खणाचे समोरून, अशी छायाचित्रे काढावीत. छायाचित्रात खणाचे अक्षर लिहिलेली चिठ्ठी आणि मोजपट्टी दिसली पाहिजे. फ्लॅश वापरू नये. खिडकीचा मंद उजेड पुरतो.

याच वेळी धोक्याच्या खुणा शोधाव्यात. भिंतीवरच्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. खणाच्या तळाशी पिठासारखा भुसा पडला असेल, तर लाकूड किंवा पुस्तके पोखरणारी अळी आहे. पानांच्या पृष्ठभागावर खरवडल्यासारखे, वेडेवाकडे पातळ झालेले भाग म्हणजे कसर. कुबट वास आणि मखमली ठिपके म्हणजे जिवंत बुरशी. वाळवी दिसली, तर दप्तरांचे काम थांबवून आधी भिंतीचा आणि लाकडाचा बंदोबस्त करावा, कारण तिचे घर भिंतीत असते आणि पुस्तक कितीही स्वच्छ केले तरी ती परत येते. फवारणी करणाऱ्याला मात्र कागदांवर किंवा फडताळाच्या आत औषध मारू देऊ नये.

तपासणी: पहिल्या दिवसाअखेर आराखडा, छायाचित्रे आणि धोक्याच्या जागांची यादी तयार असावी, आणि एकही वस्तू जागेवरून हललेली नसावी.

## २. क्रमांक आणि दाखलनोंद

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कंटाळवाणा टप्पा आहे, त्यामुळे तोच टाळला जातो. प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर बदलत नाही. सोपी पद्धत अशी: वर्ष, खणाचे अक्षर आणि अनुक्रम. वस्तू पुढे दुसऱ्या खोलीत गेली, तरी क्रमांक तोच राहतो आणि नोंदवहीत फक्त 'सध्याची जागा' हा रकाना शिसपेन्सिलीने बदलतो. बाकी सर्व रकाने शाईने लिहावेत. चूक झाली तर एका रेघेने खोडून शेजारी दुरुस्ती आणि तारीख लिहावी. संगणकावर यादी जरूर करावी, पण ती शिवलेल्या वहीची जागा घेऊ शकत नाही, कारण संगणकातील यादी पुन्हा क्रमवार लावताना एक रकाना सरकला तर सगळ्या नोंदी निरर्थक होतात आणि ते लक्षातही येत नाही.

ग्रंथावर क्रमांक. मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस, बारीक अक्षरांत लिहावा. मुखपृष्ठावर चिठ्ठी चिकटवू नये. धातू, लाकूड, दगड यांच्या वस्तूंवर सुती पट्टीला बांधलेला कागदी बिल्ला पुरेसा आहे. कायमचा क्रमांक हवाच असेल, तर संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक आणि वर पुन्हा तोच थर अशी रीत असते. तो क्रमांक पुढे कधीही काढता येतो. सच्छिद्र लाकडावर, कापडावर, हस्तिदंतावर आणि रंगवलेल्या भागावर मात्र तसे करू नये.

दप्तराचा क्रम. मोडी कागद बहुधा रुमालात बांधलेले असतात. रुमाल हे नुसते गुंडाळण्याचे कापड नव्हे. आतले कागद कोणीतरी विचारपूर्वक एकत्र ठेवले होते याची ती खूण आहे. रुमाल सोडताना त्याच्या गाठीत अडकवलेली चिठ्ठी, वरचा मजकूर आणि घडी यांचे छायाचित्र आधी घ्यावे. मग वरून खाली, जसे कागद निघतील तसे, त्यांना रुमालाचा क्रमांक आणि त्यापुढे १, २, ३ असे उपक्रमांक द्यावेत. अक्षर वाचता येत नसेल तरी चालते. वाचन पुढे कधीही होईल. मी पाहिलेल्या एका वाड्यात रोजकीर्दीची सुटी पाने, खतावणी आणि घरगुती पत्रे अशी 'विषयवार' वाटणी उत्साहाने झाली होती. पत्रांवर तारखा नव्हत्या, आणि ज्या जमाखर्चाच्या सोबत ती ठेवलेली होती त्यावरूनच त्यांचा काळ कळला असता. ती पत्रे आज वाचता येतात, पण कोणत्या वर्षीची ते सांगता येत नाही. याचे मला अजून वाईट वाटते.

पोथीची नोंद. पानांची लांबी-रुंदी, एकूण पाने, पानातील ओळी, लिपी, भाषा, फळ्या आहेत का, चित्रे आहेत का आणि पहिली व शेवटची ओळ, एवढे तरी लिहावे. शेवटच्या पानावरची पुष्पिका, म्हणजे पोथीचा समाप्तीचा मजकूर, जशीच्या तशी उतरवून घ्यावी, कारण पोथी लिहून काढणाऱ्याचे नाव, गाव आणि काळ तिथेच सापडतो. पानांवरचे मूळ आकडे तपासून, जे पान नाही त्याचा आकडा नोंदवावा.

काळाची नोंद करताना होणाऱ्या चुका. बडोद्यात मराठी आणि गुजराती असे दोन्ही रिवाज एकाच घरात भेटतात, म्हणून इथे विशेष काळजी हवी. शकाच्या आकड्यात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. विक्रम संवत गुजरातेत कार्तिकात बदलतो, म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करावे लागतात आणि जानेवारीपासून आश्विनअखेरपर्यंत ५६. उत्तरेकडे संवत चैत्रात बदलतो, त्यामुळे वैशाख, संवत १९०० ही नोंद गुजराती रिवाजाने १८४४ मधली ठरते आणि उत्तरेच्या रिवाजाने १८४३ मधली. मोडी कागदांत सुहूर सनही, म्हणजे मराठ्यांच्या कारभारातली एक कालगणना, येतो. तो मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनमध्ये सुरू होतो. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मे अखेरपर्यंत ६०० मिळवावे. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, अर्थात जून १७६० ते मे १७६१. महसुली कामात वापरल्या जाणाऱ्या फसली सनासाठी हीच बेरीज ५९० आणि ५९१ अशी धरतात. नोंदवहीत मूळ आकडा जसा आहे तसाच लिहावा आणि केलेला हिशेब कंसात वेगळा ठेवावा. नुसते इसवी सन लिहून मूळ आकडा गाळला, तर चूक पुढे तपासताच येत नाही.

छापील ग्रंथांची नोंद. शीर्षकपानावरचा मजकूर, छापखाना, वर्ष, आवृत्ती आणि पानांबरोबरच आतील शिक्के, सह्या, अर्पणपत्रे आणि समासातल्या टिपाही लिहाव्यात. सयाजी साहित्यमाला किंवा गायकवाड प्राच्यमाला यांसारख्या मालांतील ग्रंथ असतील, तर मालेतला क्रमांक जरूर टिपावा. पुष्कळ घरांत एकच पुस्तक दोनदा असते म्हणून एक प्रत देऊन टाकली जाते. देण्याआधी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात: एकीवर मालकाच्या टिपा असतील, किंवा तिची मूळ बांधणी टिकलेली असेल.

सावधान: ग्रंथात ठेवलेली वाळकी पाने, मोरपीस, तिकिटे, पाकिटे आणि पत्रे फेकू नका. त्यांना ग्रंथाचाच क्रमांक आणि पुढे उपक्रमांक देऊन, कोणत्या पानांमध्ये होती ते लिहून, वेगळ्या पाकिटात ठेवा.

## ३. मालकी आणि कायदा

ही पायरी थोडक्यात उरकता येते, पण वगळता येत नाही. एखाद्या ग्रंथावर सार्वजनिक ग्रंथालयाचा शिक्का असेल, तर तो बाजूला ठेवावा. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानात ग्रंथांच्या पेट्या गावोगाव पाठवणारी फिरती ग्रंथालये होती, आणि वाचकाकडे राहून गेलेला ग्रंथ घरचाच समजला जाणे शक्य आहे. शिक्का पाहून संबंधित संस्थेला लेखी विचारावे.

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे १०० वर्षे झालेल्या वस्तू, आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय महत्त्वाची ७५ वर्षे झालेली हस्तलिखिते, पुरावस्तूंत मोडतात. त्यांतील मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि पुरावस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, मग ती परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून असली तरी. हस्तिदंत, वाघ-बिबट्याची कातडी आणि मुंडकी यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. मालकीचे प्रमाणपत्र घरात आहे का ते शोधावे आणि नसेल तर मांडणीचा विचार करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. तलवारी, कट्यारी आणि बंदुका यांच्याबाबत शस्त्र अधिनियमाखालची स्थिती आधी लेखी स्पष्ट करून घ्यावी.

## ४. विलगीकरण

नोंद झालेली प्रत्येक वस्तू आधी वेगळ्या खोलीत जाते. कीड किंवा बुरशी लागलेला ग्रंथ पिशवीत बंद करून, वर क्रमांक लिहून ठेवावा. बाकीचे ग्रंथ पांढऱ्या कागदावर दोन-तीन आठवडे ठेवावेत आणि दर तीन दिवसांनी खालचा कागद पाहावा. ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे.

जिवंत किडीवर उन्हाचा उपाय करू नये. उन्हाने कीड पानांच्या आत सरकते, शाई आणि रंग उडतात, कातड्याची बांधणी आक्रसते आणि पुठ्ठे वाकतात. ग्रंथ कोरडा असेल, तर तो दोन पॉलिथिन पिशव्यांत हवा काढून बंद करावा आणि उणे १८ ते उणे २० अंश सेल्सियसला, इतर सामान नसलेल्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण २४ तास उघडू नये. घाईने उघडली तर थंड पानांवर हवेतले पाणी जमते. काचेची छायाचित्रे, रंगचित्रे, हस्तिदंत आणि अनेक द्रव्ये एकत्र जोडून केलेल्या वस्तू यांच्यासाठी ही रीत वापरू नये.

सावधान, आरोग्यासाठी: पेंढा भरलेली जनावरे आणि पक्षी यांवर पूर्वी सोमल, म्हणजे आर्सेनिक, लावत असत. त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, झटकू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. १९व्या शतकातल्या काही विलायती पुस्तकांच्या झगझगीत हिरव्या कापडी बांधणीतही सोमलाचा रंग असतो. अशी पुस्तके हातमोजे घालून पिशवीत ठेवावीत. १९५१च्या आधीच्या फिल्मच्या निगेटिव्ह पिवळसर, चिकट आणि उग्र वासाच्या झाल्या असतील, तर त्या नायट्रेटच्या असू शकतात आणि सहज पेट घेतात. त्या घरात साठवून न ठेवता तज्ज्ञाला दाखवाव्यात.

## ५. कोरडी सफाई

सफाईची पाळी आता येते. पाणी, स्पिरिट, साबण आणि खोडरबर यांतले काहीही न वापरता, फक्त मऊ कुंचला.

ग्रंथ डाव्या हातात घट्ट मिटून धरावा, म्हणजे धूळ पानांच्या आत जात नाही. वरच्या कडेवरून, कण्याकडून बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने कुंचला फिरवावा. मग तळ, मग पुठ्ठे. नंतर पहिली आणि शेवटची काही पाने उघडून कण्याजवळच्या खोबणीत साचलेली धूळ काढावी. कुंचला पानाच्या मध्यापासून कडेकडे जातो. कडेकडून आत कधीही नाही, कारण जीर्ण कड तिथेच तुटते. बुरशी असेल तर ती पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू नये. ओली बुरशी पुसली की कागदाच्या तंतूंत शिरते. वाळल्यावर ती भुकटीसारखी निघते. हे काम मास्क लावून, माणसे नसलेल्या उघड्या गच्चीवर सावलीत करावे.

हातमोज्यांबद्दल गैरसमज आहे. जुन्या कागदासाठी सुती हातमोजे वाईट, कारण बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि धाग्यात कड अडकून फाटते. साबणाने धुतलेले, पूर्ण कोरडे, तेल किंवा क्रीम न लावलेले हात उत्तम. छायाचित्रे, काचेच्या निगेटिव्ह आणि धातू यांसाठी मात्र नायट्रिलचे हातमोजे घालावेत.

कागदाचा स्वभावही ओळखावा. जुन्नरी आणि दौलताबादी हातकागद चिंध्यांपासून केलेले असल्यामुळे शतके उलटूनही लवचीक राहतात. उलट १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त छापील कागद आम्लामुळे ठिसूळ होतो, आणि पानाचा कोपरा दुमडताच तुटतो. म्हणजे २०० वर्षांची पोथी निर्धास्तपणे हाताळता येते आणि १०० वर्षांचे वर्तमानपत्र येत नाही. शाईचेही तसेच आहे: काजळाची शाई उजेडात टिकते पण पाण्यात विरघळते, आणि हिराकशीची (लोहक्षाराची) शाई अक्षरांच्या जागी कागद खाऊन टाकते. अक्षरांमागे तपकिरी डाग किंवा भोके दिसली, तर ते पान अजिबात वाकवू नये.

पितळी पानदाने, चांदीच्या अत्तरदाण्या आणि नाणी यांना चिंच, राख किंवा बाजारातली पावडर लावण्याचा मोह आवरावा. प्रत्येक घासण्यात धातूचा थर जातो आणि त्याबरोबर कोरलेली नावे आणि तारखा पुसट होत जातात. कोरडा मऊ कुंचला आणि सुती फडके पुरे. रविवर्म्यांच्या छापील चित्रांच्या चौकटी उघडण्याआधी चित्र काचेला चिकटले आहे का ते कडेने पाहावे. चिकटले असेल तर काच ओढून काढू नये, तशीच बांधून ठेवावी.

तपासणी: कुंचल्याला रंग किंवा अक्षराचे कण लागताना दिसले, तर काम त्याच क्षणी थांबवा आणि तसे नोंदवहीत लिहा.

## ६. दुरुस्ती: बहुतेक वेळा करू नका

फाटलेले पान दिसले की चिकटपट्टी लावली जाते, आणि १० वर्षांत ती पट्टी सुकून पडते पण तिचा तपकिरी डाग राहतो. लॅमिनेशन याहून वाईट आहे, कारण ते काढताच येत नाही आणि उष्णतेने शाई बिघडते. सुटलेले पान त्याच्या जागी ठेवून, ग्रंथाला सुती पट्टीने सैल बांधावे. एवढी दुरुस्ती घरी पुरेशी आहे. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची ताजी खळ वापरून पान सांधता येते, पण ते काम शिकलेल्या हातानेच करावे. बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे आणि प्राच्यविद्या मंदिरात हस्तलिखितांचा मोठा संग्रह सांभाळला जातो; अशा ठिकाणी जाऊन, छायाचित्रे दाखवून सल्ला विचारावा. ग्रंथच पिशवीत घालून नेऊ नये.

## ७. बासन आणि जागा

पोथीसाठी तिच्याच मापाच्या आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या दोन फळ्या कराव्यात, त्यांत पाने ठेवून वर धुतलेले पांढरे मांजरपाट गुंडाळावे आणि रुंद सुती पट्टीने, दोरीने नव्हे, बांधावे. लाल कापडाचे बासन परंपरेने चालत आले आहे, पण कच्चा लाल रंग दमट हवेत पानांवर उतरतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापडाचा कोपरा घासून पाहावा. रंग सुटला तर जुने बासन क्रमांक देऊन वेगळे जपावे आणि आतून नवे पांढरे कापड घ्यावे.

डांबराच्या गोळ्या फडताळात टाकू नयेत. त्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे आणि किडीचा पक्का बंदोबस्तही होत नाही. वेखंड किंवा कडुनिंबाची पाने ठेवायची असतील, तर मलमलीच्या पुरचुंडीत, कागदाला न लागतील अशी ठेवावीत आणि दर दोन महिन्यांनी बदलावीत. पानांच्या मध्ये ठेवलेला पाला डाग पाडतो. खरे रक्षण स्वच्छता, हवा आणि महिन्यातून एकदा नजर टाकणे यानेच होते.

फडताळ भिंतीपासून चार बोटे दूर असावे. खालचा खण जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर असावा, आणि विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरते हे लक्षात घेता संग्रह तळमजल्यावर ठेवूच नये. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ या दोन पुरांनंतर याबद्दल शंका राहू नये. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात यंत्राचा आकडा रोज सकाळी वहीत लिहावा. मोठे ग्रंथ आडवे, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत. लहान उभे, ना घट्ट ना कलते. ग्रंथ काढताना कण्याच्या टोकाला बोट घालून ओढू नये; दोन्ही बाजूंचे ग्रंथ थोडे आत ढकलून मधला हाताने धरावा.

## ८. मांडणी

लोकांना दाखवण्याची वेळ आली की संग्रहातले उत्तम ते सगळे बाहेर मांडावेसे वाटते. एका वेळी १५ ते २० वस्तूच मांडाव्यात आणि कागद व कापड दर तीन महिन्यांनी बदलावेत, कारण उजेडाने झालेले नुकसान साठत जाते आणि अंधारात ठेवून भरून निघत नाही. कागदासाठी ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड नको. खिडकीसमोर पेटी ठेवू नये आणि पेटीच्या आत दिवा लावू नये, कारण तो उष्णता देतो. उघडा ग्रंथ पुठ्ठ्याच्या घडवंचीवर, त्याची बांधणी जेवढी सहज उघडते तेवढाच उघडावा. काटकोनाच्या फार पुढे नेऊ नये. घडवंची नसेल तर ग्रंथ मिटलेलाच ठेवून शेजारी पानाचे छायाचित्र लावावे. पाहुण्यांना पाने उलटून पाहायची असतील, तर त्यांच्यासाठी त्या छायाचित्रांची एक वेगळी वही बांधून ठेवावी.

## ९. ग्रंथ भिजले तर

भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी येते, त्यामुळे पहिले ४८ तास मोलाचे असतात. आधी वीज बंद करावी. मग ग्रंथ जसा आहे तसा, मिटलेला असेल तर मिटलेलाच आणि सुजलेला असेल तर न दाबता, तळाला सपाट आधार देऊन उचलावा. चिखल लगेच पुसू नये. थोडेच ग्रंथ असतील, तर ते टिपकागदावर ठेवावेत, काही पानांच्या अंतराने टिपकागद घालावेत, ते ओले झाले की बदलावेत आणि पंखा ग्रंथांवर न रोखता खोलीत फिरता ठेवावा. ग्रंथ जास्त असतील आणि दोन दिवसांत वाळणे शक्य नसेल, तर प्रत्येक ग्रंथ क्रमांकासह वेगळ्या पिशवीत घालून गोठवावा. वेळ मिळतो आणि नंतर एकेक सावकाश वाळवता येतो. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तके सर्वांत आधी गोठवावीत, कारण ती वाळताना पाने एकमेकांना कायमची चिकटतात. काजळाच्या शाईच्या पोथीवर टिपकागद दाबू नये, फक्त खाली पसरावा. काचेच्या निगेटिव्ह गोठवू नयेत; त्या उभ्या करून हवेत वाळवाव्यात.

तपासणी: पावसाळ्याआधी, ज्येष्ठाच्या सुरुवातीस, छतातली गळती, पन्हाळी आणि खिडक्यांच्या फटी पाहाव्यात, कोऱ्या पिशव्या आणि टिपकागद वरच्या मजल्यावर हाताशी ठेवावेत, आणि नोंदवहीची एक छायाप्रत वाड्याबाहेर, दुसऱ्या घरी ठेवावी.